उकळलेली नळी

मागच्या अंकात संपादकांनी एक चौकट छापली होती: 'रोगप्रतिकारशास्त्र आणि रेण्वीय जीवशास्त्रात एकतीस वर्षं संशोधन केलेल्या आमच्या ठाणेकर लेखिकेला काहीही विचारा.' यातला 'काहीही' वाचकांनी फारच मनावर घेतला. एका आजोबांनी गुडघ्याचा एक्सरे पाठवलाय. तो घडी न घालता परत पाठवते आहे. मी हाडांची डॉक्टर नाही, खरं तर पेशंट तपासणारी कुठलीच डॉक्टर नाही. मी पीएचडीवाली. हा फरक नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीला मी निवृत्त होईपर्यंत पटला नव्हता. रात्री अकरा वाजता तापलेलं मूल कडेवर घेऊन लोक दारात यायचे. मी थर्मामीटर द्यायचे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खऱ्या डॉक्टरांकडे धाडायचे.

बाकीच्या पत्रांतली काही निवडली आहेत.

प्रश्न: एकतीस वर्षांत नेमका कोणता शोध लावलात? स्पष्ट विचारतो, राग नसावा. (निवृत्त बँक कर्मचारी, ऐरोली)

राग कसला? माझे सासरे दर गणपतीत हेच विचारायचे, आणि तेही बँकेतच होते.

माझं काम क्षयाच्या जंतूतल्या एका प्रथिनावर होतं. क्षयाचा जंतू महा आळशी. एकाचे दोन व्हायला त्याला वीसेक तास लागतात, शिवाय जिवंत जंतू हाताळायचा तर वेगळी बंदिस्त खोली हवी. म्हणून आम्ही त्या प्रथिनाचा जनुक कापून ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूत घालायचो आणि प्रथिन त्याच्याकडून करून घ्यायचो. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो. संध्याकाळी कल्चर लावलं की सकाळी फ्लास्क ताकासारखा गढूळ. मग जंतू फोडायचे, निकेलच्या कॉलममधून ते पाणी सोडायचं, जेल टाकायचं, म्हणजे प्रथिनं आकाराप्रमाणे वेगळी करून निळी रंगवायची. जेलवर एकच निळी बँड, म्हणजे पट्टी, दिसली की प्रथिन शुद्ध झालं असं समजायचं. 'समजायचं' हा शब्द लक्षात ठेवा.

दुसऱ्या बाजूला रक्त. ते द्यायला विशीतले विद्यार्थी तयार असायचे, मोबदला चहा आणि बिस्किटं. त्या रक्तातून पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या. नळीत खाली फायकॉलचं पारदर्शक द्रावण, त्यावर पातळ केलेलं रक्त. नळी तिरकी धरायची, पिपेटचं टोक काचेला टेकवायचं आणि रक्त इतकं हळू सोडायचं की दोन थर एकमेकांत मिसळता कामा नयेत. सुरुवातीची दोन वर्षं हे करताना मी श्वास रोखून धरायचे. मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळी गरगर फिरवणारं यंत्र, अर्धा तास, ब्रेक बंद ठेवून. ब्रेक चालू राहिला तर थांबताना सगळं ढवळतं आणि विद्यार्थ्यांना पुन्हा चहा पाजावा लागतो. नळी बाहेर काढली की तळाशी लाल गाळ, वर पिवळसर पाणी आणि मधे सायीइतकं पातळ, दुधाळ कडं. माझी सगळी नोकरी त्या कड्यातल्या पेशींवर झाली.

१९९७ च्या पावसाळ्यात मी माझं प्रथिन त्या पेशींवर टाकलं. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी घेऊन एलायझा ही रंगाची चाचणी लावली. ९६ इवल्याशा वाट्यांची प्लास्टिकची प्लेट असते. वाटीत आधी निळा रंग येतो, आम्ल टाकलं की पिवळा होतो. पिवळा जितका गडद, तितका टीएनएफ जास्त, आणि टीएनएफ म्हणजे पेशींनी ठोकलेली बोंब: शत्रू आला! माझ्या वाट्या हळकुंड उगाळल्यासारख्या पिवळ्या. प्रथिन न टाकलेल्या शेजारच्या वाट्या पाण्यासारख्या. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच. एका परिषदेला गोषवारा पाठवला. गोखले रोडवरून अर्धा किलो पेढे नेले आणि लॅबमध्ये वाटले. क्षयाच्या लशीत घालायला एक नवा घटक सापडला, अशी भाषणाची पहिली ओळसुद्धा तयार होती.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये सगळं मांडलं. दोनच महिन्यांपूर्वी आलेली, बदलापूरहून पहाटेच्या गाडीने येणारी एक मुलगी मागच्या खुर्चीतून म्हणाली, "मॅडम, उकळून बघितलंत का?"

सगळे हसले. मीही हसले, पण घरी जाताना लोकलमध्ये तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. प्रथिन उकळलं की त्याचं उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्यासारखं होतं. घडी मोडते आणि बहुतेक वेळा कामही थांबतं. म्हणजे माझ्या प्रथिनामुळे पेशी बोंब मारत असतील, तर उकळलेलं टाकल्यावर त्यांनी गप्प बसायला हवं. सोमवारी अर्धा तास उकळलेली नळी लावली. मंगळवारी प्लेट पाहिली. उकळलेल्या वाट्या तितक्याच पिवळ्या.

चोर ई. कोलाय होता. त्याच्या बाहेरच्या आवरणात एंडोटॉक्सिन नावाचा पदार्थ असतो, मेद आणि साखरेच्या साखळ्यांचा. तो पाण्यात उकळून मरत नाही. काचेवरून घालवायचा तर काच कोरड्या भट्टीत २५० अंशांवर अर्धा तास ठेवावी लागते. जेलवर त्याची निळी बँड येत नाही, कारण तो रंग प्रथिनाला लागतो. आणि ग्रॅमचा अब्जावा भाग असला तरी रक्तातल्या पेशींना पुरतो. काही प्रथिनं उकळूनही तग धरतात, म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नसतो. पॉलिमिक्सिन-बी हे औषध एंडोटॉक्सिनला पकडून निकामी करतं. ते मिसळून बघितलं, वाट्या पांढऱ्या. खटला संपला. गोषवारा मागे घेतला. पेढे मागे घेता येत नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९९८ च्या डिसेंबरात, ब्रूस ब्यूटलर यांच्या गटाने एंडोटॉक्सिन ओळखणारा पेशीवरचा रिसेप्टर कोणता ते दाखवलं: टीएलआर-४. एंडोटॉक्सिनला दादच न देणारे उंदीर घेऊन त्यांनी तो जनुक हुडकला. २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. माझ्या वाट्यांमध्ये महिनोन्‌महिने तोच रिसेप्टर ओरडत होता आणि मी प्रथिनाचं कौतुक करत बसले होते. हळहळ वाटते का? पाऊस लागला की थोडी.

त्यानंतर मी प्रथिनातून एंडोटॉक्सिन काढायचं तंत्र हाताखाली आणलं. ट्रायटन एक्स-११४ नावाचा एक साबण आहे. बर्फावर तो पाण्यात विरघळतो, ३७ अंशांवर गढूळ होऊन वेगळा बसतो आणि एंडोटॉक्सिन बरोबर घेऊन जातो. हे पाच-सहा वेळा करायचं. मग तपासायचं, घोड्याच्या नालेसारख्या दिसणाऱ्या खेकड्याच्या (हॉर्सशू क्रॅबच्या) निळ्या रक्तापासून केलेल्या अर्काने. एंडोटॉक्सिन असेल तर तो अर्क गोठतो. हा प्राणी आपल्याकडे ओडिशाच्या किनाऱ्यावर सापडतो. हळूहळू दुसऱ्या संस्थांतून बर्फात घातलेल्या नळ्या माझ्याकडे यायला लागल्या, 'बाई, एकदा बघाल का?' अशा चिठ्ठीसकट. माझ्या हिशेबाने किमान नऊ मोठे शोध मी छापून यायच्या आधी मारले. तेव्हा साहेब, तुमच्या भाषेत सांगायचं तर मी नोटा छापल्या नाहीत. मी काउंटरवर बसून खोट्या बाजूला काढल्या.

प्रश्न: माणसात जनुकं वीसेक हजार. मग कोट्यवधी प्रकारच्या अँटीबॉडी कुठून येतात? नववीतल्या मुलाने विचारलं, मला सांगता आलं नाही. (विज्ञान शिक्षिका, डोंबिवली)

त्या मुलाला माझ्याकडून वही-पेन द्या. १९७० च्या दशकापर्यंत भलेभले याच प्रश्नावर अडले होते.

मुलांना मिसळीच्या दुकानात न्या. कल्पनेतल्याच, नाहीतर मामलेदारच्या तिखटाने तास बुडेल. समजा दुकानात ४० प्रकारच्या उसळी, २३ प्रकारची फरसाणं आणि ६ प्रकारचे रस्से आहेत. प्रत्येकातला एक घ्यायचा. ४० गुणिले २३ गुणिले ६, म्हणजे ५,५२० मिसळी झाल्या, दुकानात भांडी मात्र ६९च. अँटीबॉडी जड आणि हलक्या अशा दोन प्रकारच्या साखळ्यांची बनते. जड साखळीचे जनुक साधारण असेच तुकड्यांत ठेवलेले असतात. हलक्या साखळीचे वेगळे तुकडे, त्यांच्या साधारण ३२० जोड्या. दोन्हींचा गुणाकार साडेसतरा लाखांच्या वर जातो. आणि गल्ल्यावरचा पोऱ्या तुकडे जोडताना मधे आपल्या मनाने दोन-चार चिमटी काहीतरी टाकतो, दर वेळी वेगळं. त्यामुळे संख्या कोटींच्याही पलीकडे.

खरी गंमत पुढे आहे. एकदा निवड झाली की ती बी पेशी, म्हणजे अँटीबॉडी बनवणारी पांढरी पेशी, मधली भांडी कापून फेकून देते. म्हणजे तिचा डीएनए कायमचा बदलतो. शरीरातल्या सगळ्या पेशींत सारखाच डीएनए असतो, असं आपण शाळेत शिकवतो. इथे ते खोटं ठरतं. सुसुमु तोनेगावा यांनी बासेलच्या प्रयोगशाळेत १९७६ मध्ये हे दाखवलं. उंदराच्या गर्भाचा डीएनए आणि अँटीबॉडी करणाऱ्या कर्करोगाच्या गाठीचा डीएनए त्यांनी शेजारी ठेवून ताडले. गर्भात लांब लांब असलेले तुकडे गाठीत जवळ आलेले होते. १९८७ चं नोबेल त्यांना एकट्यालाच मिळालं.

पाठ्यपुस्तकातलं ते वाक्य खोडू नका. पेन्सिलने बाजूला 'सहसा' लिहा.

प्रश्न: रोगप्रतिकारशक्ती वाढवणारा कोणता काढा तुम्ही स्वतः घेता? (गृहिणी, कोपरखैरणे)

मी आल्याचा चहा घेते, चवीसाठी.

'वाढवणारा' म्हटलं की मला धडकी भरते. संधिवाताचा एक प्रकार, ल्युपस, लहान मुलांचा मधुमेह, हे सगळे प्रतिकारशक्ती आपल्याच घरावर उलटल्याचे आजार. निम्मी यंत्रणा आवरायला असते. २०२५ चं नोबेल ब्रंकाउ, रॅम्सडेल आणि साकागुची यांना या आवरणाऱ्या टी पेशींवरच्या (याही पांढऱ्या पेशीच) कामासाठी मिळालं. झोप, पोटभर जेवण आणि वेळेवर लसी यांत माझी यादी संपते. बाटलीवर 'बूस्टर' लिहिलेलं दिसलं की दुकानदाराला विचारा, नक्की कोणती पेशी वाढते? मी एकदा विचारलं. त्याने बाटली माझ्या हातून काढून घेतली.

प्रश्न: कोरोनात पीसीआर, पीसीआर खूप ऐकलं. त्या मशीनमध्ये असतं काय? (यंत्रमाग कारखानदार, भिवंडी)

तुम्ही भिवंडीचे, म्हणजे अकलोली-गणेशपुरीच्या गरम कुंडांत बसला असालच. पीसीआरची गोष्ट अशाच एका कुंडातून सुरू होते, फक्त ते अमेरिकेतल्या यलोस्टोनचं. १९६० च्या दशकात थॉमस ब्रॉक यांना तिथल्या कढत पाण्यात आरामात वाढणारा जंतू सापडला, थर्मस ॲक्वाटिकस. त्याची विकरं (एन्झाइम) गरमीला भीत नाहीत.

पीसीआरची कल्पना कॅरी मुलिस यांची, १९८३ ची. डीएनएचे दोन धागे ९५ अंशांच्या आसपास तापवून सुटे करायचे, थंड करायचं, हव्या त्या जागी छोटे तुकडे चिकटू द्यायचे, मग विकराने उरलेला धागा विणून घ्यायचा. तुमच्या भाषेत ताणा शाबूत, बाणा नवा. एकाचे दोन, दोनाचे चार. तीस फेऱ्या झाल्या की एकाचे १०७ कोटींहून जास्त. सुरुवातीला दर फेरीत विकर उकळून मरायचं आणि नवं टाकावं लागायचं. यलोस्टोनच्या जंतूचं विकर आलं आणि ती कटकट संपली.

आमच्याकडे मशीन यायच्या आधी, १९८९ मध्ये, मी हे तीन वॉटरबाथ शेजारी शेजारी मांडून केलंय. गळ्यात स्टॉपवॉच. नळ्यांचा स्टँड एका बाथमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, पुन्हा पहिल्यात. तीस फेऱ्या, साडेतीन तास, जागेवरून हलायची सोय नाही. सत्ताविसाव्या फेरीला लाइट गेले होते. त्या दिवशी मी बोलले ते शब्द हे मासिक छापणार नाही.

प्रश्न: खारघरला रोज फिरायला जाताना ॲक्ट्रेकच्या (टाटा मेमोरियलच्या कर्करोग संशोधन केंद्राच्या) फाटकावरून जातो. साडूंना रक्ताचा कर्करोग आहे आणि कोणीतरी कार-टी सुचवलंय. हे काय असतं? (ज्येष्ठ नागरिक, खारघर)

आधी साडूंबद्दल. कार-टी त्यांना लागू आहे का, हे त्यांचे कर्करोगतज्ज्ञच सांगतील. रक्ताचे कर्करोग पुष्कळ प्रकारचे असतात आणि हा उपचार त्यांतल्या थोड्यांवरच चालतो.

आता यंत्रणा. पेशंटच्या रक्तातून टी पेशी काढतात. बाहेर, प्रयोगशाळेत, एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या पाठीवरून त्यांत नवा जनुक घालतात. त्यामुळे टी पेशीच्या अंगावर एक नवा हात उगवतो, आणि तो सीडी-१९ हे चिन्ह ओळखतो. हे चिन्ह बी पेशींवर असतं, मग ती कर्करोगाची असो वा चांगली. पेशी वाढवून पेशंटला परत देतात आणि त्या जाऊन बी पेशी मारतात. चांगल्या बी पेशीही त्यात जातात, म्हणून पुढे जंतुसंसर्गाला जपावं लागतं. सुरुवातीच्या दिवसांत पेशी एकदम खवळल्या तर तापही जोरात चढतो. मी वर सांगितलेली बोंब, फक्त वाट्यांऐवजी माणसात. म्हणून हे सगळं इस्पितळात, डोळ्यांत तेल घालून करायचं काम.

भारतातली अशी पहिली थेरपी नेक्सकार-१९ आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आली. २०२३ च्या ऑक्टोबरात परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपतींच्या हस्ते ती पवईत अर्पण झाली. परदेशातल्या किमतीच्या मानाने ती साधारण एक दशांशात मिळते. सामान्य घराला तरीही परवडत नाही, हे मी लपवणार नाही. मदत कुठून मिळू शकेल ते इस्पितळातल्या समाजसेवा विभागात विचारा. लाजू नका, त्यासाठीच ती माणसं तिथे बसलेली असतात.

ज्या फाटकावरून तुम्ही जाता, तिथली मूळ संस्था परळची, १९५२ ची. तिचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. त्यांचं नाव पुढच्या उत्तरात पुन्हा येईल.

प्रश्न: एमएस्सी झाली, जेआरएफ (पीएचडीसाठीची फेलोशिप) निघाली. बाबा रिक्षा चालवतात, ते काही बोलत नाहीत. आत्या म्हणते, पीएचडीत सहा वर्षं जातील, मग लग्न कधी? मी काय करू, कळत नाहीये. (एक मुलगी, कळवा)

बाळ, तुला 'तू'च म्हणते. मीही रिक्षा स्टँडवरच वाढले, तलावपाळीच्या. माझे काका चालवायचे.

आत्याचं गणित चुकलेलं नाही, हे आधी मान्य कर. पाच वर्षं तर लागतातच, बऱ्याचदा सहा. पण ती सहा वर्षं 'जात' नाहीत, त्यांचे पैसे मिळतात. जेआरएफला महिन्याला ३७,००० आणि दोन वर्षांनी एसआरएफ, म्हणजे वरची फेलोशिप, झालीस की ४२,०००, शिवाय घरभाडं. हा आकडा बाबांना सांग. ते बोलत नाहीत याचा अर्थ बहुतेक एवढाच असतो की कोणाला काय विचारावं, हेच त्यांना माहीत नाही. हेही सांग की फेलोशिप दर महिन्याच्या एक तारखेला येत नाही. माझ्या एका विद्यार्थ्याची सात महिने अडकली होती आणि तो मेसचे पैसे माझ्याकडून घ्यायचा. तीन महिन्यांचा खर्च बाजूला ठेवूनच सुरुवात कर.

आता जे तुला कुठल्याही माहितीपत्रकात मिळणार नाही ते सांगते. संस्थेचं नाव बघून जाऊ नकोस, गाइड बघ. गाइड कसे आहेत, ते त्यांना भेटून कळत नाही. ते सगळे भेटीत गोडच बोलतात, मीही बोलायचे. ते गावाला गेलेले असताना लॅबमध्ये जा. शेवटच्या वर्षाच्या मुलीला कँटीनला घेऊन जा, चहा तू पाज. तीन गोष्टी विचार: आधीचे तीन विद्यार्थी आज कुठे आहेत, पेपरवर पहिलं नाव कोणाचं लागलं, आणि प्रयोग फसला की बाई किंवा सर काय म्हणतात. मग परत लॅबमध्ये ये आणि 'पाण्याची बाटली ठेवू का' म्हणून फ्रीज उघड. खाण्यापिण्याचं ठेवायला तुला तिथेच 'नाही' म्हणायला हवं. कोणी 'ठेव की' म्हणालं तर तिथून नीघ. नाही म्हणाले तर दार लावायच्या आत नळ्यांकडे बघ. नाव, तारीख, काय आहे, हे वाचता येतंय? की मार्करने नुसतं 'ए, बी, सी, नवीन, नवीन-२'? 'नवीन-२'च्या लॅबमध्ये सहाची आठ वर्षं होतात.

लग्नाचं म्हणशील, तर आत्याला कमल रणदिवे यांची गोष्ट सांग. १९१७ चा जन्म, पुण्याच्या, माहेरच्या समर्थ. १९३९ मध्ये गणितज्ञ नवऱ्याशी लग्न करून मुंबईला आल्या. एमएस्सी केली ती लग्नानंतर, सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या गुणसूत्रांवर. पीएचडी १९४९ मध्ये, खानोलकरांच्या हाताखाली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचेत वाढवायला शिकल्या, आणि परत येऊन परळच्या त्याच संस्थेत देशातली पहिली ऊती-संवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिक संघटना सुरू करणाऱ्यांत त्या होत्या. ती संघटना तुझ्यापासून लांब नाही. ट्रान्स-हार्बरने वाशीला उतर. तिथे तिचं कार्यालय आहे, नोकरी करणाऱ्या बायकांचं वसतिगृह आहे आणि पाळणाघर आहे. वैज्ञानिक बायकांनी एकत्र येऊन पाळणाघर काढलं, यावरून त्यांना खरी अडचण कुठे आली असेल ते ओळख.

अडचणी तुलाही येतील. पेशींना रविवार कळत नाही. दर दोन-तीन दिवसांनी त्यांना नवं पाणी द्यावंच लागतं, दिवाळीच्या पाडव्यालाही. माझ्या मुलीच्या बारशाच्या दुपारी मी परळला जाऊन इनक्युबेटर उघडून आले, आणि सासूबाईंनी पाहुण्यांना सांगितलं की सून डिंक आणायला गेलीय. अशी सासू सगळ्यांना मिळत नाही. नवरा बघताना त्याच्या आईलाही बघ.

पीएचडी कर, असं मी म्हणत नाहीये. एमएस्सीवर रबाळे-महापेच्या पट्ट्यात औषध आणि तपासणी कंपन्यांत नोकऱ्या मिळतात, आणि त्या कमी प्रतीच्या नाहीत. मी एकच गोष्ट विचारेन. एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये एखादा प्रयोग फसला असेलच. त्या रात्री तू झोपलीस, की 'असं का झालं' म्हणत वही काढून बसलीस? मला लिहिलंस त्याच अक्षरात, खरं काय ते कळव.

प्रश्न: सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजून मोजून कंटाळा येत नाही? (अकरावीतला विद्यार्थी, ठाणे)

येतो. काचेवर चौकटी आखलेल्या असतात. मेलेल्या पेशी निळा रंग पितात, जिवंत चमकत राहतात. दोन्ही वेगळ्या मोजायच्या, बोटाने काउंटर दाबत. मी मनात अथर्वशीर्ष म्हणायचे. एक आवर्तन, एक काच.

प्रश्न: सुट्टीत मुलीला घरी करता येईल असा एखादा प्रयोग सांगा. (आई, घणसोली)

पिकलेलं अर्धं केळं काट्याने अगदी लापशी होईपर्यंत कुसकरा. अर्धा कप पाण्यात अर्धा चमचा मीठ आणि एक चमचा भांड्यांचा पातळ साबण हलकेच मिसळा, फेस होऊ देऊ नका. हे केळ्यात घालून दहा मिनिटं ठेवा आणि चहाच्या गाळणीवर सुती रुमाल टाकून गाळा. गाळलेलं पाणी उभ्या ग्लासात घ्या. केमिस्टकडचं सर्जिकल स्पिरिट आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवलेलं हवं. ते ग्लासच्या कडेने, ग्लास तिरका धरून, थेंब थेंब सोडा. दोन थर मिसळता कामा नयेत. श्वास रोखलात तरी चालेल. स्पिरिट ज्वालाग्राही आहे, गॅस बंद ठेवा आणि ते काम तुम्ही करा. थोड्या वेळाने दोन थरांच्या मधे पांढरे, लोंबते धागे वर चढताना दिसतील. टूथपिकवर गुंडाळता येतात.

मुलगी म्हणेल, हा डीएनए! तेव्हा शेजारी दुसरा ग्लास लावा. त्यात केळं, मीठ, पाणी, स्पिरिट सगळं तेवढंच, फक्त साबण नाही. साबणाशिवाय पेशींची आवरणं नीट फुटत नाहीत, म्हणजे डीएनए बाहेर यायला नको. पण केळ्यात पेक्टिनही असतं, आणि स्पिरिटमध्ये तेही साकळतं. दुसऱ्या ग्लासातही धागे दिसलेच, तर पहिल्यातले किती खरे, हे कसं ओळखायचं ते मुलीलाच विचारा. तिने काय सुचवलं ते मला कळवा, पुढच्या अंकात छापते.